साडेअकरा नंबरची तार

आमच्या घरातली कुठलीही गोष्ट खाजगी राहत नसे, आणि त्याचं खापर मी बाबांच्या कानांवर फोडतो. भनपुरीच्या एका तारेच्या मिलमध्ये त्यांनी उभी हयात काढली. लोखंडाची जाड सळई एका बाजूनं यंत्रात शिरायची, एकापेक्षा एक लहान भोकांतून ओढली जात जात दुसऱ्या बाजूनं बारीक तार होऊन बाहेर पडायची. या ओढाताणीत जी किंकाळी उठायची ती बाबांच्या कानांनी इतकी वर्षं ऐकली, की शेवटी त्यांनी वरच्या पट्टीतलं सगळंच ऐकणं सोडून दिलं. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, चिमण्या, आईच्या बांगड्या आणि खुद्द आई, यांतलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नसे. रस्त्यावरून लोखंड भरलेला ट्रक गेला की मात्र ते ताटावरून मान वर करून म्हणत, "दहा चाकी आहे." आणि तो दहा चाकीच असे. ढोलकीची थाप त्यांना उजव्या हाताची ऐकू येत नसे, डाव्या हाताची येई. त्यामुळे त्यांच्या मते आमच्या वस्तीतले सगळे ढोलकीवाले अर्धे पैसे खात होते.

आई भंडाऱ्याकडची, आवाजानं मुळात हळू. पण नवऱ्यापायी तिला ओरडावं लागे आणि आमच्या घरातला भाजीपाल्यापासून पाहुण्यांपर्यंतचा सगळा विचारविनिमय आख्ख्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ऐकू जाई. एकदा ती सकाळी ओरडून ओरडून बाबांना वांगी आणायला सांगत होती. बाबांना "पाणी" ऐकू आलं आणि ते बादली घेऊन निघाले, तेवढ्यात शेजारची काकी भिंतीपलीकडून म्हणाली, "भांटा मोर घर हवय, ले जा दीदी." वांगी आली, पण आईला फार लागलं ते. त्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या चौकटीला सुतळीनं एक पेन्सिल बांधली. तेव्हापासून आमच्या घरात बोलणं कमी आणि लिहिणं जास्त झालं. साबणाच्या पुड्याचा कागद, कॅलेंडरचं फाडलेलं पान, अगरबत्तीचं खोकं, जे हाताला लागेल त्यावर आई लिही आणि बाबांपुढे धरी. गंमत अशी, की बाबाही लिहूनच उत्तर देत. कान गेले होते, जीभ चांगली शाबूत होती. पण त्यांचा आपला हिशेब होता की समोरचा कागदावर विचारतो तर तोंडानं उत्तर देणं बरं दिसत नाही. भांडण झालं की दोघांची अक्षरं मोठी होत जात. फार झालं की आई कागद टराटरा फाडी, आणि तो फाडल्याचा आवाज बाबांना ऐकू येत नसल्यामुळे तिला तो त्यांच्या डोळ्यांसमोर नेऊन फाडावा लागे.

हे सगळं मी आता हसत सांगतो आहे. त्या वयात मला बाबांची थोडी लाज वाटे, हेही सांगून टाकतो. मित्र घरी आले की मी त्यांना ओट्यावरूनच परत पाठवी. बाबांशी मी कामापुरतं बोले, म्हणजे लिही: 'फी', 'सायकल पंचर', 'जेवलो'. त्यांना जगातली एकच गोष्ट खोलात ठाऊक होती, ती म्हणजे तार. डोळे मिटून तार दोन बोटांत धरायची, जराशी फिरवायची आणि नंबर सांगायचा, ही त्यांची कला. मिलमधले साहेब मायक्रोमीटर लावून बघत आणि नंबर तोच निघे. एक जुनं, बाद झालेलं मायक्रोमीटर मिलनं त्यांना देऊन टाकलं होतं. ते आमच्या ट्रंकेत मखमलीच्या चिंधीत गुंडाळून होतं, आईच्या डोरल्याच्या शेजारी.

अशा घरात मी वादक व्हायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, बीरगावच्या विहारात खोब्रागडे मास्तरांची भीमगीतांची पार्टी होती. मास्तर शाळेत गणित शिकवत आणि पार्टीत हार्मोनियम वाजवत, दोन्हीकडे सारख्याच कडकपणे. गाणाऱ्या प्रमिलाताई. अंगणवाडीत काम करायच्या, अंगानं बारीक, पण काळी पाचच्या पट्टीत त्यांनी वरचा सूर लावला की पत्र्याचं छप्पर थरथरे. एकदा दुर्गची एक आर्केस्ट्रा पार्टी बंद पडली आणि तिचं सामान मास्तरांनी आणलं. त्यात एक लाल गिटार होती. तिच्यावर माझा जीव जडला. मी मनातल्या मनात रंगमंचाच्या मधोमध उभा राहिलो, केस उडवले, टाळ्याही घेतल्या. मग जवळ जाऊन पाहिलं तर तारा चारच.

"मास्तर, दोन तुटल्या का?"

"चारच असतात. बेस गिटार आहे ते. खालचे सूर वाजवायचे."

"मग लोकांले ऐकू येते का?"

"बंद पडली का कळते लोकांले," मास्तर म्हणाले.

कोणालाच ती नको होती, म्हणून ती मला मिळाली. घरी आणली तेव्हा शेजारच्या काकीनंही पहिला प्रश्न तोच विचारला, "दू तार टूट गे का बेटा?" मी सहा महिने 'चारच असतात' हेच उत्तर देत फिरलो. शिकवणारं कोणी नव्हतं. मास्तरांनी दाखवलं, इथं बोट ठेव, मग इथं, मग इथं. ते मी पाढ्यासारखं पाठ केलं. काळी पाचमधली सगळी गाणी मला यायची. काळी पाच सोडून काहीच यायचं नाही. पट्टी बदलली की मी रस्ता चुकलेल्या बैलासारखा उभा राही. गिटारीवर एक छोटं बटन होतं, ते उजवीकडे पूर्ण फिरवलं की खालच्या सुरालाही 'टन्न' असा कडक आवाज येई. मी ते कायम पूर्ण उजवीकडे ठेवी. लोकांना मी ऐकू आलो पाहिजे ना! मास्तर म्हणत, "टिनाचा डबा वाजवून राहिला का बे?" मी म्हणे, "मास्तर, असंच असते."

तारा मात्र जुन्या होत्या, गंजलेल्या. जयंतीचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला तेव्हा त्यातली एक तुटली आणि मास्तरांनी मला शहरात, बूढापाऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानात पाठवलं. जाताना बजावलं, "बारीकवाल्या आणजो. तुझ्या बोटात जोर नाही." दुकानात हार्मोनियमचे भाते आणि तबल्याच्या पुड्या यांच्या मागून भैयानं दोन बंद पाकिटं काढली. एकावर लिहिलं होतं ४० ते ९५, दुसऱ्यावर ५० ते ११०.

"पतला कौनसा है, भैया?"

"दोनों एकदम ओरिजिनल है."

"खोलके देखूं?"

"खोला तो लिया."

मी पाकिटं हातात उलटीसुलटी केली, वजन केलं, वास घेतला. काही कळेना. आणि मग माझ्या डोक्यात तो विचार आला, ज्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता: घरात तारेचा एवढा मोठा जाणकार बसलेला असताना आपण इथं वास काय घेत बसलो आहोत? बूढापारा ते भनपुरी सायकलनं परत आलो. बाबा पहिली पाळी करून जेवायला बसले होते. उन्हाळा होता, ताटात बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यातला भात, वर कांदा आणि आंब्याची चटणी. आईनं हे शेजारच्या काकीकडून उचललं होतं आणि भंडाऱ्याच्या माहेरी गेल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. मी कॅलेंडरच्या पानावर लिहून त्यांच्यापुढे धरलं: 'बाबा, गिटारीच्या तारा घ्यायच्या आहेत. एका पुड्यावर ९५ नंबर, एकावर ११०. बारीक कोणती?'

बाबांनी ते दोनदा वाचलं. भाताचा हात ताटात तसाच राहिला. मग त्यांनी पेन्सिल न मागता, कित्येक दिवसांत पहिल्यांदा, तोंडानं उत्तर दिलं आणि ते अर्थात आख्ख्या पाऱ्यानं ऐकलं.

"अरे, हे तं गेज आहे! नंबर वाढला का तार बारीक. आठ नंबर म्हंजे जाड, वीस नंबर म्हंजे बारीक. जितके डाव ओढली तितका नंबर. मंग एकशेदहा म्हंजे..." इथं ते अडखळले. "एकशेदहा म्हंजे तं केसापेक्षा बारीक झाली पाहिजे. इतकी बारीक कोन ओढून राहिलं?"

'विलायती आहे,' मी लिहिलं.

"हां. मंग असंल. एकशेदहा घे, डोळे मिटून घे."

मी डोळे मिटूनच घेतली.

मी गेल्यावर बाबा हात न धुता बाहेर ओट्यावर आले, असं आईनं नंतर सांगितलं. समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन ते सगळ्यांना म्हणाले, "पोट्ट्याले गेज समजत नव्हता. मले इचाराले बूढापाऱ्याहून आला." दुसऱ्या दिवशी मिलमध्येही सांगितलं. टपरीवाला, पंचरवाला, मिलचा टाइमकीपर, सगळे मला रस्त्यात थांबवून विचारू लागले, "क्यों बाबू, तार सही निकला ना? पापा बता रहे थे." मी कोणाच्या नजरेला नजर देत नसे, कारण तोवर मी पाकीट उघडलं होतं.

त्यातून निघालेली सगळ्यात खालची तार एवढी जाड होती की तिच्यावर आईला कपडे वाळत घालता आले असते. आता कोणीही म्हणेल, की तेव्हाच कळायला हवं होतं. पण माणसानं एकदा हुशारी केली की ती सोडवत नाही. तारेवर बाहेरून दुसऱ्या तारेचा वेढा होता, ते पाहून मी एक शोध लावला आणि बाबांना लिहून दाखवला: 'नंबर आतल्या तारेचा असेल. वरची लपेट वेगळी.' बाबांनी ती तार दोन बोटांत धरली, डोळे मिटले, फिरवली. पुन्हा फिरवली. मग डोळे उघडून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"असंल," ते म्हणाले.

आईनं तोंडात पदर कोंबला आणि आत गेली. मला वाटलं, ठसका लागला.

तारा चढवल्या तेव्हा लाल गिटारीची मान धनुष्यासारखी वाकली. तारा लाकडापासून इतक्या वर उठल्या की त्यांच्याखालून झुरळ सरळ चालत गेलं असतं. दाबायला मी सगळं अंग लावी, दात खाई, डावा खांदा वर जाई. पहिल्या तालमीत मास्तरांनी हार्मोनियम थांबवली.

"विलास, तू वाजवून राहिला का लाकूड फोडून राहिला?"

"नव्या आहेत मास्तर, बसतील."

"तार बसंल तेव्हा बसंल, गाणं तं आत्ताच बसलं. कोनं सांगितलं तुले ह्या तारा घ्याले?"

माझ्या आयुष्यातली थोडी चांगली कामं मोजायची झाली तर हे एक त्यात धरतो. मी म्हणालो, "मीच घेतल्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी भैयाचे मोठे भाऊ बसले होते. माझी तक्रार ऐकून त्यांनी चष्मा काढून मला नीट न्याहाळलं. "अरे बाबू, एक इंच के हजार टुकड़े करो, उसमें से एक सौ दस टुकड़े जितना मोटा, वो एक सौ दस नंबर. बड़ा नंबर, मोटा तार. हाथी बजाने वाला है क्या?" चाळीसवालं पाकीट तोवर विकलं गेलं होतं. नवा माल यायला महिना लागणार होता. मी दुकानाच्या पायरीवर बसलो. समोर तलावाचं पाणी चकाकत होतं. माझ्या मनात तारांपेक्षा टपरी होती: हे तिथं कळलं तर? मिलमध्ये कळलं तर? ज्या माणसाला आख्ख्या जगात फक्त तार समजते, त्याला तारही समजत नाही असं लोक म्हणतील. बाबांना ते ऐकू येणार नाही, पण लोकांची हसणारी तोंडं दिसतील. तोंडं वाचायची त्यांना सवय झालेली होती.

म्हणून मी गप्प राहिलो आणि जाड तारा दाबत राहिलो. बोटांना फोड आले, ते फुटले, त्यांच्यावर नवे आले. आई संध्याकाळी हळद-तेल गरम करून लावी. "काहून नाही बदलत रे ह्या तारा?" तिनं एकदा विचारलं.

"बाबाले वाईट वाटंन."

तिनं माझा हात खाली ठेवला. वाटी उचलून आत गेली. मग चौकटीची सुतळी हलली आणि पेन्सिलीची खरखर ऐकू आली. मला वाटलं, दुधाचा हिशेब लिहीत असेल.

इकडे मास्तरांनी निकाल जाहीर केला. त्यांच्या भाच्याकडे कीबोर्ड होता. "तो डाव्या हातानं तुझं सगळं काम करते," मास्तर म्हणाले, "आन् उजवा हात मोकळाच राहते. रविवारच्या तालमीत नाही जमलं तं गिटार ठेवून दे." भाचा मागे उभा राहून उजव्या हातानं शेंगदाणे खात होता. प्रमिलाताई मध्ये बोलतील असं मला वाटलं होतं, पण त्या कोमट पाण्याचा घोट घेत खाली पाहत राहिल्या. त्यांचंही काही ठीक नव्हतं. वरच्या सुराशी आल्या की त्या खोकायच्या आणि म्हणायच्या, "उरल्याच्या कारखान्यांची धूळ आहे जी." धूळ तर आम्ही सगळेच खात होतो. काळी पाच आता त्यांच्या गळ्याच्या बाहेर चालली होती आणि भाच्याच्या कीबोर्डमागोमाग एखादी नवी पोरगीही येईल, हे त्यांना दिसत होतं.

शनिवारी दुपारी बाबा मिलमधून आले, हातपाय धुतले आणि खाटेवर बसून म्हणाले, "आण ते." मी गिटार दिली. त्यांनी ती लहान लेकराला घेतात तशी मांडीवर आडवी घेतली आणि मग एक विचित्र गोष्ट केली. गिटारीच्या लाकडी शिंगावर हनुवटी टेकवली आणि मला म्हणाले, "वाजव." मी जाड तार छेडली. बाबांच्या भुवया वर गेल्या. त्यांना ती कानानं नव्हे, जबड्याच्या हाडातून ऐकू येत होती. "अजून." मी अजून छेडली. मग त्यांनी खुंटी धरली आणि तार ढिली करायला लागले.

"बाबा, सूर उतरंन!" मी ओरडलो. पेन्सिल शोधायला वेळ नव्हता. त्यांनी हनुवटी न उचलता एक हात वर केला, मिलमध्ये यंत्र थांबवायला करतात तसा. एक एक तार छेडायला लावत, थोडी थोडी सोडत ते एका जागी थांबले. "इथं. आता रडत नाही ते." चारही तारा त्यांनी तशा उतरवल्या. गिटारीची मान सरळ झाली, तारा लाकडाजवळ आल्या, आणि मी बोट ठेवलं तर ते दाबलं गेलं, दात न खाता. बाबांनी ते छोटं बटन पाहिलं. "हे कायचं?" म्हणत त्यांनी ते डावीकडे, अगदी शेवटपर्यंत फिरवलं. 'टन्न' गेला. 'घुम्म' आला, दूरवरून ट्रक यावा तसा. बाबांनी हनुवटी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टेकवली.

"असंच ठेव," ते म्हणाले.

रविवारी तालमीत मी पहिलं गाणं सुरू केलं आणि मास्तरांची हार्मोनियम वर, माझी गिटार खाली, असा गोंधळ उडाला की ढोलकीवालाच घाबरून थांबला. "कोन्त्या पट्टीत लावलं बे हे?" मास्तर कडाडले. मी तारा एक पूर्ण सूर उतरवून आणल्या होत्या आणि पट्टी बदलून वाजवायची अक्कल मला नव्हती. जग बदलेल तेव्हा बदलेल, माझी बोटं पाठ केलेल्या जागीच पडणार. भाच्यानं शेंगदाण्याचा पुडा खिशात घातला आणि कीबोर्डची वायर सोडवायला लागला.

"मास्तर," प्रमिलाताई म्हणाल्या, "एक डाव काळी चारमध्ये धरून पाहा ना."

"काहून?"

"पोट्ट्याच्या तारा आता चढत नाहीत म्हणते तो. घ्या ना जी सांभाळून." मी असं काही म्हणालो नव्हतो. पण त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी जोरात मान हलवली.

मास्तरांनी कुरकुरत एक सूर खालची काळी चार धरली. प्रमिलाताई गायल्या. वरचा सूर आला आणि त्या खोकल्या नाहीत. छप्पर पुन्हा थरथरलं. खालून माझ्या जाड तारांनी त्याला हात दिला. बारीक तारा एवढ्या उतरवल्या असत्या तर नुसत्या फडफडल्या असत्या. ह्या ठाम बसल्या होत्या. गाणं संपल्यावर मास्तर भाच्याला म्हणाले, "शेंगदाणे दे इकडे." पुढची किती तरी वर्षं प्रमिलाताई काळी चारमध्येच गायल्या आणि विचारणाऱ्याला सांगत, "विलासच्या तारेपायी उतरावं लागते, काय करता." तो आरोप मी आनंदानं पत्करला.

जयंतीला संध्याकाळी बीरगावात मंच बांधला होता. मिलच्या पाळ्या सुटल्या होत्या, माणसं थेट कामावरून आली होती, काळ्या हातांनी बुंदी खात होती. आई बायकांत बसली. बाबा येऊन उभे राहिले ते मंचाच्या कडेला, माझ्या मोठ्या डब्याच्या, म्हणजे स्पीकरच्या शेजारी. पहिल्या गाण्यापूर्वी एवढी गर्दी पाहून मला राहवलं नाही. मी हळूच बटन उजवीकडे फिरवलं, पूर्ण. 'टन्न टन्न' सुरू झालं. दोन पोरींनी वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मग माझी नजर बाबांकडे गेली. ते प्रमिलाताईंच्या ओठांकडे बघत होते, जसे ते नेहमी गाण्याच्या कार्यक्रमात बघत: सभ्यपणे, सगळे टाळ्या वाजवतील तेव्हा वाजवायच्या तयारीत.

दुसऱ्या गाण्याला मी बटन डावीकडे फिरवलं. शेवटपर्यंत.

पोरींनी पुन्हा पाहिलं नाही. पण बाबांनी ओठांवरची नजर काढली. त्यांनी मंचाच्या फळीवर तळवा ठेवला. मग डोळे मिटले, तार ओळखताना मिटत तसे. आणि त्यांचा उजवा पाय हलायला लागला. ढोलकीच्या उजव्या हातावर नाही, डाव्यावरही नाही, माझ्यावर. मी बोट उचललं की त्यांची टाच उठे, मी ठेवलं की पडे. मी तोवर शेकडो वेळा त्या वस्तीत वाजवलं होतं आणि मला कोणी तरी ऐकतं आहे असं पहिल्यांदा वाटलं.

मी इतका त्यांच्या टाचेकडे बघत होतो, की गाणं कधी संपलं ते मला कळलंच नाही. प्रमिलाताई थांबल्या, हार्मोनियम थांबली, ढोलकीची शेवटची तिहाई झाली, टाळ्या सुरू झाल्या, आणि मी आपला घुम्म, घुम्म, घुम्म. लोक हसायला लागले. कोणी तरी ओरडलं, "अबे इंजन बंद कर!" ज्या नजरेनं शाळेत मुलं पाढे विसरत, त्या नजरेनं मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. पण बाबांचे डोळे अजून मिटलेले होते आणि टाच पडत होती. त्यांच्या दृष्टीनं गाणं संपलंच नव्हतं. गाणं मीच होतो. आता थांबलो असतो तर त्यांनी डोळे उघडले असते आणि समोर हसणारी तोंडं दिसली असती. मी थांबलो नाही. प्रमिलाताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, धृपद पुन्हा उचललं. ढोलकीवाला धावत मागे आला. लोकांना वाटलं, असंच बसवलं असेल. त्यांनी ताल धरला.

परतीच्या वाटेवर बाबा सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "मोठं गाणं होतं." एवढंच.

तारेच्या नंबराबद्दल मी त्यांना कधीच सांगितलं नाही. ते निवृत्त झाले, टपरीवर बसायला लागले, नव्या पोरांना सांगत राहिले, "एकशेदहा नंबर. मीच सांगितलं होतं." मी शेजारी बसून हो म्हणत राहिलो. एका भल्या माणसाला आपण जन्मभर सांभाळून घेतलं, अशी माझ्या मनात एक छुपी शेखी होती. ती चांगली वीस-बावीस वर्षं टिकली. आता माझेही कान गेले आहेत, नातीचं बोलणं निम्मं हुकतं, आणि ती माझ्यापुढे मोबाइल धरते आणि त्यावर लिहून दाखवते. मी तोंडानं उत्तर देत नाही. मीही लिहितो. सून म्हणते, हे काय खूळ.

ती शेखी मोडली ती बाबा गेल्यानंतर ट्रंक उघडली तेव्हा. मखमलीच्या चिंधीत मायक्रोमीटर होतं आणि त्याच्याभोवती घडी घातलेलं एक रिकामं पाकीट: ५० ते ११०. तारा चढवल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते दिसेनासं झालं होतं आणि मला वाटलं होतं, मीच फेकलं. पाकिटाच्या मागच्या बाजूला बाबांचं पेन्सिलीतलं, मिलच्या रजिस्टरसारखं सरळ अक्षर होतं.

'५० म्हंजे १८ नंबर. ७० म्हंजे १५. ९० म्हंजे १३. ११० म्हंजे साडेअकरा. जाड आहे. विलासले सांगू नको, मोठ्या हौसेनं विचाराले आला होता.'

खाली आईचं वाकडं अक्षर: 'बरं. पण बोटं फुटले त्याचे. तुम्हाले वाईट वाटंन म्हणून बोलून नाही राहिला.'

खाली बाबा: 'माहीत आहे. ढिल्या करून देतो.'

आणि अगदी तळाशी, जागा उरली नव्हती म्हणून कडेनं उभं, पुन्हा आई: 'उद्या करा. आधी जेवाले या, भात थंडा होऊन राहिला.'